शाल-श्रीफळ पुरे, आता ऐकून घ्या

आमचे आण्णा पहाटे साडेचारला उठतात आणि हातात काठी घेऊन मळ्याच्या रस्त्याला लागतात. सतरा वर्षं फौजेत काढलेल्या माणसाने पहाटे फिरायला जावं यात गावाला काही नवल वाटत नाही. "मेजर अजून परेड चुकवत न्हाईत," असं लोक कौतुकाने म्हणतात. लहानपणी मीही तेच समजत होते. पुढे नीट बघायला लागले तेव्हा लक्षात आलं, आण्णा फिरत नाहीत, रस्ता तपासतात. पाइपलाइनसाठी कुणी चर खणून बुजवला असेल तर तिथे थांबतात, ताजी माती काठीने उकरतात. मोरीच्या तोंडाशी वाकून आत डोकावतात. ट्रॅक्टरमधून पडलेली गोणी वाटेत दिसली तर तिला लांबून वळसा घालतात आणि मागून येणाऱ्यालाही हात वर करून थांबवतात. काश्मीरमध्ये त्यांनी राष्ट्रीय रायफल्समध्ये अडीच वर्षं काढली, त्यातला बराच काळ आरओपीत, म्हणजे रोड ओपनिंग पार्टीत. गाड्यांचा ताफा निघण्याआधी सकाळी रस्ता पायी तपासायचा, सुरुंग पेरलेला नाही ना ते बघायचं आणि मग रस्ता खुला झाल्याचं कळवायचं. ती ड्यूटी संपून वीस वर्षं होऊन गेली. कोरेगाव तालुक्यातला आमचा मळ्याचा रस्ता आण्णा अजून रोज खुला करून देतात.

हे लिहायची परवानगी त्यांनीच दिली आहे. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. घरातले काही नियम आम्हा भावंडांना कुणी न सांगता ठाऊक होते. आण्णांना झोपेतून उठवायचं तर अंगाला हात लावायचा नाही, पायाच्या बाजूला उभं राहून लांबून हाक मारायची. लग्नकार्यात त्यांची खुर्ची शेवटच्या रांगेत, पाठीशी भिंत असेल अशी. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उलट बारीक होत जाई, आणि तो बारीक झाला की आम्ही पोरं परसात निघून जायचो. आई म्हणायची, "ह्यांची पेटी आली घरी, माणूस यायचाय अजून." काळी लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगात नंबर, रँक आणि नाव. ती माळ्यावर आहे.

डॉक्टर याला पीटीएसडी म्हणतात. जिवावरचा प्रसंग होऊन जातो, पण तो संपला हे शरीराला कळत नाही. तो स्वप्नात येतो, जागेपणी डोळ्यांपुढे उभा राहतो. माणूस त्याची आठवण करून देणारं सगळं टाळत जातो, सतत सावध राहतो, झोप उडते, जवळच्यांविषयीची माया आटल्यासारखी होते. पुस्तकांत याला 'आघातोत्तर ताण' असा शब्द सापडतो, पण तो घरात कुणाच्या तोंडी नाही. बोलीतला खरा शब्द आहे 'धसका'. अमक्याने धसका घेतला म्हटलं की आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतं. फौजी मात्र तो शब्द स्वतःसाठी कधी वापरणार नाही, कारण धसका घेतो तो भेकड अशी त्याची समजूत आहे, आणि आपलीही. तो सांगतो झोप लागत नाही, डोकं जड असतं, कालवा सोसत नाही. गावही आपल्या परीने अर्थ लावून मोकळं होतं. माणूस पहाटे उठत असेल, कमी बोलत असेल तर ती शिस्त. पीत असेल, बायकोवर हात टाकत असेल तर तो मिल्ट्रीचा माज. आजार म्हणून त्याची नोंद कुठेच होत नाही.

माझी मागणी सरळ आहे. निवृत्त सैनिकाला त्याच्या जिल्ह्यात, त्याच्या भाषेत, आठवड्यातून तासभर समोर बसून रीतसर ऐकणारा, त्या कामाचं शिक्षण घेतलेला माणूस मिळाला पाहिजे. पेन्शन मिळते, कॅन्टीन कार्ड मिळतं, त्याच हक्काने. वर्षातून एक शिबिर आणि ताणमुक्तीवर एक व्याख्यान, एवढ्याने भागणार नाही. आमच्या कपाटात आण्णांच्या सत्काराच्या शाली आहेत, बऱ्याचशांची घडीही मोडलेली नाही. २६ जानेवारीला, कारगिल विजय दिनाला शाळेत बोलावतात, नारळ देतात आणि "मेजर, दोन शब्द बोला" म्हणतात. आण्णा 'भारत माता की जय' म्हणून खाली बसतात. टाळ्या पडतात. तिसरा शब्द कुणी विचारलेला मी पाहिला नाही.

निवृत्त सैनिकांसाठी आरोग्य योजना नाही असं नाही. ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून चालू आहे आणि तिच्यामुळे आमच्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्यांची हृदयाची, गुडघ्याची ऑपरेशनं झाली. त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण झोपेची तक्रार घेऊन मी आण्णांना या योजनेच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये नेलं, तेव्हा तिथे दाताचा डॉक्टर होता, रक्त तपासायची सोय होती, फिजिओथेरपी होती. व्हरांड्यात साठ-सत्तर माणसं बसलेली. डॉक्टर भला माणूस, त्याने महिनाभराच्या गोळ्या लिहून दिल्या. तुम्ही कुठे होता, काय पाहिलंत, हे विचारायला त्याला वेळच नव्हता. पुढे पाठवलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाच मिनिटं आणि गोळ्या. गोळ्यांवर माझा राग नाही, त्यांनी आण्णांना चार तास झोप दिली. पण गोळी प्रश्न विचारत नाही. आणि कॅन्टीन कार्डावर दर महिन्याला रमचा ठरलेला कोटा मिळतो. आमच्या गावात निम्मे फौजी ती रम झोपेचं औषध म्हणूनच घेतात. सवलतीची बाटली महिन्याच्या महिन्याला पोचते, ऐकणारा माणूस वीस वर्षांत पोचत नाही, याची मला चीड येते.

ही उपेक्षा आजची नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथे सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा पडला. आत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. जवळजवळ पाच महिने उपासमारीत काढून २९ एप्रिल १९१६ ला सगळ्यांनी शरणागती पत्करली, आणि पुढची कैद वेढ्याहून वाईट होती. आमच्या भागातल्या जुन्या वाड्यांत त्या लढाईची पदकं निघतात. पदकवाला रात्री काय बरळायचा, ते सांगणारं कुणी उरलेलं नाही.

त्याच १९१६ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट नावाचं लष्करी रुग्णालय सुरू झालं. तिथे डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स भेदरलेल्या सैनिकांना बोलतं करून बरं करू पाहत होते. हेच रिव्हर्स आधी निलगिरीत येऊन तोडा लोकांमध्ये राहिले होते, त्यांच्या चालीरीती महिनोन्महिने ऐकून टिपून घेत होते. ऐकण्याची सवय त्यांना तिथे लागली असावी असं मला वाटतं. पण क्रेगलॉकहार्ट फक्त अधिकाऱ्यांसाठी होतं. साध्या शिपायाची वाचा गेली तर लंडनमध्ये क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात डॉ. लुइस यीलंड त्याच्या घशाला विजेचे झटके देत, बोलेपर्यंत. अधिकाऱ्याला संवाद आणि शिपायाला झटका. शंभर वर्षं झाली, झटके गेले, पण ती वाटणी मला आपल्याकडे अजून दिसते. पुण्यात राहणाऱ्या, इंग्रजी येणाऱ्या, तासाचे हजार-दोन हजार मोजू शकणाऱ्या अधिकाऱ्याला थेरपिस्ट सापडतो. वाठार स्टेशनच्या हवालदाराला गोळ्यांची चिठ्ठी मिळते.

ती वाटणी जिथे थोडीफार मोडली तिथे ती सैनिकांनीच मोडली. व्हिएतनामहून परतलेले अमेरिकन सैनिक १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आपणहून गोल करून बसायला लागले. सरकारी दवाखान्यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून रॉबर्ट लिफ्टन आणि हाइम शातान या मानसोपचारतज्ज्ञांना त्यांनीच बोलावून घेतलं. त्यांच्या आणि इतर अनेकांच्या रेट्यामुळे १९८० मध्ये पीटीएसडी हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं. त्याआधी वर्षभर, १९७९ मध्ये, सरकारने 'व्हेट सेंटर' उघडायला सुरुवात केली होती. ही केंद्रं मुद्दाम दवाखान्याबाहेर, बाजारपेठेतल्या गाळ्यांत थाटली. बरेच समुपदेशक स्वतः माजी सैनिक होते. तिथल्या नोंदी दवाखान्याच्या नोंदींपासून वेगळ्या ठेवल्या जातात. आज तिथे अशी तीनशेच्या आसपास केंद्रं आहेत. या सगळ्यात मला मोलाची वाटते ती वेगळ्या नोंदींची गोष्ट. त्याकडे पुढे येते.

बोलून करायचा उपचार म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. 'बोललं की मन हलकं होतं' हे आपण सगळेच म्हणतो, पण ओट्यावर बसून चार गोष्टी बोलणं वेगळं आणि उपचार वेगळा. त्याची शिस्त असते, क्रम असतो. अमेरिकेत एड्ना फोआ यांनी घडवलेल्या पद्धतीत रुग्ण तोच प्रसंग डोळे मिटून, वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगतो. साधारण आठ ते पंधरा बैठका, प्रत्येक दीड तासाची. टाळत आलेल्या जागांना आणि गोष्टींना हळूहळू सामोरं जातो. सांगता सांगता तो प्रसंग आठवण बनतो, चालू हल्ला राहत नाही. पॅट्रिशिया रीसिक यांच्या पद्धतीत बारा बैठकांमध्ये त्या प्रसंगातून माणसाने काढलेल्या निष्कर्षांची तपासणी होते. ही पद्धत मुळात बलात्कार सोसलेल्या स्त्रियांबरोबर काम करताना तयार झाली आणि नंतर सैनिकांना लागू पडली. मर्दानगीच्या गप्पा मारणाऱ्या आपल्या समाजाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी, म्हणून मुद्दाम लिहिते.

आण्णांच्या बाबतीत ही तपासणी एका बुटावर येऊन ठेपली. पुण्यातल्या एका तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंकडे ते दर गुरुवारी एसटीने जायचे, जाऊन-येऊन पाच-सहा तास. पहिल्या तीन बैठकांत ते पाऊस, ऊस आणि कारखान्याचं बिल यांवरच बोलले. चौथ्या वेळी त्यांनी सांगितलं की त्या दिवशी त्यांना नवा बूट चावत होता. टाच सोलली होती. म्हणून ते फीत सैल करायला खाली बसले, आणि त्यांचा जोडीदार म्हणाला, तू बस, मी पुढे होतो. तो पुढे झाला. वीस वर्षं आण्णा मनात एकच वाक्य घेऊन जगत होते: बूट चावला म्हणून मी बसलो, म्हणून तो गेला. हे वाक्य त्यांनी आईला सांगितलं नव्हतं, युनिटमध्ये सांगितलं नव्हतं, आणि जोडीदाराच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्याच्या आईच्या पायाशी बसूनही सांगितलं नव्हतं. बाईंनी "तुमची काही चूक नाही" असं म्हटलं नाही. तसं म्हणणारी माणसं आण्णांना आधीही भेटली असती तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी आले असते. बाईंनी विचारलं, "खाली बसलात तेव्हा टाच दुखतेय हे तुम्हाला माहीत होतं. पुढे काय पुरलंय हे माहीत होतं का?" आण्णा म्हणाले, नाही. "मग बसायचं ठरवलंत ते कशाच्या आधाराने?" टाचेच्या. पुढच्या तीन बैठका याच प्रश्नावर गेल्या. सुरुंग कुणी पुरला, कधी पुरला, बसले नसते तर कोण गेलं असतं, हे सगळं कागदावर लिहून काढलं. आण्णांनी ते कागद वहीत घालून ठेवले आहेत.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला सांगितली, ती माझ्या कधी डोक्यात आली नव्हती. प्रसंग सांगताना ते आपोआप हिंदीत शिरले. घरचं आयुष्य मराठीत, पण फौजेतलं सगळं हिंदीत: हुकूम, शिव्या, वायरलेसवरचे निरोप. तो शेवटचा आवाजही हिंदीतच होता. बाईंनी त्यांना अडवलं नाही, मराठीत सांगा म्हटलं नाही. प्रसंग हिंदीत सांगून झाला आणि त्याचा अर्थ लावायची वेळ आली तेव्हा आण्णा पुन्हा मराठीत आले. "आईला कसं सांगू," हे त्यांनी मराठीत म्हटलं. या दोन भाषांमधून सैनिकाबरोबर ये-जा करू शकेल असा ऐकणारा हवा, हे इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं नसतं, आपल्यालाच बघावं लागेल.

फायदा किती होतो? खोटी आशा दाखवायची नाही, म्हणून आकडे सांगते. सैनिकांवरच्या अशा उपचारांच्या चाचण्यांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. या दोन पद्धतींनी उपचार घेतलेल्यांपैकी ४९ ते ७० टक्क्यांना जाणवण्याइतका आराम पडला. पण दोन तृतीयांश लोकांचं निदान उपचारानंतरही कायम राहिलं. उपचार मध्येच सोडणारेही पुष्कळ असतात, आण्णांनीही दोनदा एसटी चुकवली. रात्री तीनदा उठायचे, आता एकदा उठतात. दारू सुटली नाही, कमी झाली. काठी अजून हातात असते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर विशीतल्यासारखं धावता येत नाही, म्हणून कुणी ऑपरेशन नाकारत नाही. मनाच्या बाबतीत मात्र पूर्ण बरं होण्याची हमी दिल्याशिवाय पैसे खर्च करायचे नाहीत, हा न्याय कुठला?

आपल्याकडे याची गरजच नाही, असंही म्हटलं जातं. हा पाश्चात्त्यांचा आजार, आपला सैनिक खेड्यातला, काटक, देवभोळा, घरी भरलेलं कुटुंब. एका कार्यक्रमात मंचावरून हे ऐकलं तेव्हा सभागृहात आण्णा माझ्या शेजारी, शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसले होते. या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. जवळच्या माणसांचा आधार या आजारापासून वाचवतो हे अभ्यासांतही दिसतं, आणि पलटण हे दुसरं कुटुंबच असतं: मंदिर परेड, बडाखाना, सोबत जगणारा बडी. पण शिपाई पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो तेव्हा ते दुसरं कुटुंब एका दिवसात सुटतं. आणि घरच्या कुटुंबाला त्याने काहीच सांगितलेलं नसतं, त्यांचं रक्षण करायचं म्हणूनच. काटक माणसं मरत नाहीत असंही नाही. २०२१ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१४ पासून तिन्ही दलांत मिळून पावणेआठशेहून अधिक जवानांनी आत्महत्या केली. हे सेवेतले. पेन्शनवर आल्यावर विहीर जवळ करणारे या आकड्यात नाहीत. आमच्या पंचक्रोशीतले दोन मला ठाऊक आहेत, दोघांचीही नोंद घरगुती कारण अशी झाली.

जुनी जखम उकरू नये हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो अर्धा खरा आहे. प्रसंग घडल्या घडल्या सगळ्यांना एकत्र बसवून एकाच बैठकीत जबरदस्तीने बोलायला लावणं, याची बरीच तपासणी झाली आहे. त्याने पुढचा पीटीएसडी टळत नाही, काहींना त्रासच होतो असं दिसलं. म्हणूनच मी शिबिरांच्या विरोधात आहे. गावात एक दिवस येऊन शंभर फौजींना डोळे मिटून आठवायला लावायचं आणि संध्याकाळी गाडीत बसून निघून जायचं, हा उपचार नाही. उकरणाऱ्याने जखम धुवायला पुढचे तीन महिने तिथे असलं पाहिजे.

आता नोंदींचं. आण्णांनी पुण्याला जायच्या आधी मी त्यांना एका हेल्पलाइनला फोन लावून दिला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे लिहून ठेवता का?" उत्तर यायच्या आत फोन ठेवला. यात वेड काही नाही, अनुभव आहे. फौजेत तपासणीत प्रत्येकाचा 'शेप', म्हणजे तब्येतीचा दर्जा, ठरतो, त्यातलं पहिलं अक्षर 'एस' मनाचं. ते घसरलं की माणूस लो मेडिकल कॅटेगरीत जातो. पोस्टिंग, प्रमोशन, नोकरीची मुदतवाढ सगळ्यावर सावट येतं. म्हणून सेवेत असताना कुणी तोंड उघडत नाही. बाहेर आल्यावर उघडलं तर पेन्शनचं मंडळ म्हणतं, सेवेत असताना नोंद कुठे आहे? आजार सेवेमुळे झालेला नाही, वाढलेलाही नाही, या शेऱ्याने कितीतरी जणांचे अपंगत्व पेन्शनचे अर्ज परत आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरून चालायचं आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर टाकायची नाही. पण त्यासाठी न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. आणि निवृत्त फौजीची दुसरी नोकरी बहुधा बंदूकवाल्या गार्डची: बँक, एटीएमची गाडी, कारखान्याचं गेट. शस्त्र परवान्याला मानसिक आरोग्याचा दाखला लागतो. ज्याची अवस्था खरंच धोक्याची आहे त्याच्या हातात बंदूक नसावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण झोप लागत नाही एवढं सांगितल्याने घर चालवणारी नोकरी जाईल अशी भीती असेल तर तो कुणालाच काही सांगणार नाही, आणि बंदूक त्याच्याच हातात राहील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो सैनिकासाठी खरा करायचा तर बोलण्याच्या उपचाराची फाइल पेन्शनच्या आणि पॉलिक्लिनिकच्या फाइलपासून वेगळी ठेवली पाहिजे, आणि हे त्याला पहिल्याच दिवशी लेखी सांगितलं पाहिजे.

इतकी माणसं आणायची कुठून, हा प्रश्न अधिकारी विचारतील. मानसशास्त्रज्ञ कमी आहेत हे खरंच. पण उत्तर आपल्या शेजारी गोव्यात सापडतं. तिथे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून तीव्र नैराश्यावर सहा-आठ बैठकांचा आणि दारूच्या समस्येवर चार बैठकांपर्यंतचा बोलण्याचा उपचार करवला. त्याचे चांगले निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 'आत्मीयता' उपक्रमाने गावच्याच माणसांना ऐकायला शिकवलं. पीटीएसडी नैराश्याहून अवघड आहे, देखरेखीला अनुभवी मानसशास्त्रज्ञ हवाच. पण सुरुवात करायला माणसं आहेत. प्रत्येक जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक असतात. ते स्वतः माजी सैनिक, गावोगाव फिरून विधवांचे आणि पेन्शनचे कागद बघणारे. त्यांना दारात बघून कुणी बिचकत नाही. त्यांच्यातल्या निवडक लोकांना सहा महिने नीट शिकवा, जिल्ह्यामागे दोन मानसशास्त्रज्ञ नेमा, सैनिकी वसतिगृहातली एक खोली द्या. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निमित्ताने शाळाशाळांतून, कचेऱ्यांतून निधी गोळा होतो. त्यातला वाटा यासाठी काढा. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ पासून सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा खास कक्ष आहे, आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर सगळ्यांसाठी खुला आहे. फोन हे दार आहे, ते असलंच पाहिजे. पण दारापलीकडे खोली लागते, आणि तिच्यात दर आठवड्याला तोच चेहरा लागतो. शिकवताना बायकांना विसरू नका. वीस वर्षं पायाच्या बाजूने हाक मारणाऱ्या माझ्या आईला या आजाराबद्दल जे कळतं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

घाई करण्याचं कारणही आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चारातले तीन अग्निवीर घरी येणार, आणि योजनेच्या अटींप्रमाणे त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे आण्णांना जे अपुरं मिळालं तेही नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ अखेर आणि २०२७ च्या सुरुवातीला भरतात. बावीस-पंचवीस वर्षांची पोरं, पाठीशी पलटण नाही आणि खिशात कार्ड नाही. काहींनी सीमेवर जे बघायचं ते बघितलेलं असणार. जिल्ह्यातलं केंद्र त्यांना दारातूनच परत पाठवणार असेल तर ते उघडूच नका.

आमच्या आळीतला एक मुलगा त्या पहिल्या तुकडीत गेला. मागच्या सुट्टीत आला होता. रात्री दीडला आण्णा उठले तेव्हा तो समोरच्या ओट्यावर दिवा न लावता बसलेला होता. आण्णा त्याच्याजवळ जाऊन बसले, दोघंही काही बोलले नाहीत. सकाळी मला म्हणाले, "त्याला मी वळखतो गं. बोलवतो मी त्याला. पण इचारायचं काय आणि गप कधी बसायचं, ते त्या बाईंनी मला आधी शिकवाया पायजे."